दोन घोषणांच्या मध्ये

दूध उतू जाऊ नये म्हणून मुलीला शेगडीपाशी उभं करावं आणि तिनं ते उतू जाताना टक लावून बघत राहावं, असं ज्या घरात घडतं तिथल्या आईच्या जिवाला स्वस्थता कुठून मिळणार? या घरात ते आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं. आधी साय थरथरते, मग कडेनं बारीक बुडबुड्यांची माळ फिरते, मग मधोमध एक फुगा उठतो आणि क्षणभर सगळं दूध श्वास रोखून उभं राहतं. तो क्षण बघायचा राहून जाऊ नये म्हणून मुलगी हात पुढे करायचीच नाही. मग शेगडीवर दूध, ओट्यावर दूध आणि मागून आईचा आवाज, "अगं, डोळे आहेत की नुसत्या खिडक्या?"

तिला सगळे तंद्री म्हणायचे. नाव ठेवलं मामानं. त्याला स्वतःला ते पहिल्या दमात घेता यायचं नाही, "त-त-तंद्री" असं दोन पायऱ्या चढून तो त्या नावाशी पोचायचा, पण ठेवलं त्यानंच.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नव्हतं. बहिणीच्याच घरी मागच्या खोलीत राहायचा आणि बसस्थानकावर घोषणा करायचा. स्थानकाच्या कचेरीवर, लोखंडी जिना चढून गेलं की काचेची एक केबिन होती. तिथे बसून माईकचं बटण दाबलं की मामाचा आवाज कर्ण्यांमधून निघून फलाटांवर, रिक्षांच्या रांगेवर, समोरच्या सलूनवर आणि त्यामागच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरींवर पसरायचा. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. धरणाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवरून निघत आहे." खोल, गुळगुळीत आवाज, नदीतल्या गोट्यासारखा. सलूनवाला त्या आवाजावर शटर उघडायचा. शाळेतली मुलं वर्गात बसून त्याची नक्कल करायची.

आणि हाच माणूस घरी मीठ हवं असलं तर बोट दाखवायचा.

घरी मामा अडखळायचा. लहानपणापासून. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि दारात चप्पल अडकावी तसा अडकायचा. ताईला, म्हणजे तंद्रीच्या आईला, ते बघवायचं नाही. शाळेत त्याला हसणाऱ्या मुलांशी तिनं भांडणं केली होती, एकाची पाटी फोडली होती. तेव्हापासून तिनं एक काम अंगावर घेतलं होतं. आपला बाबू अडकला की त्याचं वाक्य आपण पुरं करायचं.

"ताई, मला भ-भ-"

"भात? घे की." आणि पानात भाताचा ढीग.

मामा मुकाट्यानं भात खायचा. त्याला भाजी हवी असायची. पण भाजी म्हणायला पुन्हा त्याच दारातून जावं लागलं असतं, त्यापेक्षा भात बरा. अशी किती न मागितलेली ताटं त्यानं संपवली असतील कोण जाणे. आईला मात्र समाधान असायचं, की भावाच्या मनातलं आपल्याला न बोलता कळतं.

तंद्री काही त्याचं वाक्य पुरं करायची नाही. हा तिचा चांगुलपणा होता असं समजू नका. मामा अडकला की ती आपली कुठेतरी निघून जायची. खिडकीच्या गजावर उन्हाची रेघ असायची, पंख्याच्या पात्यावर माशी फिरत असायची. मामाचा शब्द सुटेपर्यंत ती तिकडे फिरून परत यायची आणि तिला वाटायचं, मामा आत्ताच बोलला. त्यामुळे मामा तिच्याशीच जास्त बोलायचा.

*

बारावीनंतर तंद्री म्हणाली, मला सिनेमा करायला शिकायचंय, तेव्हा आईनं आधी डोक्याला हात लावला. "लोकांच्या मुली डॉक्टर होतात, वकील होतात. आमची खिडकीतून बघायची, ती आता भोकातून बघणार." वडील नोकरीनिमित्त बाहेरगावी असायचे, ते फोनवर एवढंच म्हणाले, "बघतेच आहे जन्मभर, निदान प्रमाणपत्र तरी मिळेल." गेली एकदाची कॉलेजात.

तिथे शॉट शिकवणारे सर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, घरातलं कुठलंही एक काम घ्या आणि तीन ठिकाणांहून बघा. लांबून, मधून, जवळून. तंद्रीनं आईचं लसूण सोलणं घेतलं. शॉट लांबून घेतला तेव्हा आई स्वयंपाकघरात एवढीशी दिसली आणि वरची फळी, डबे, कॅलेंडर सगळं तिच्यावर वाकून बघतंय असं वाटलं. मधून घेतला तेव्हा आई आईसारखी दिसली. जवळून घेतला तेव्हा नुसती बोटं, नखात अडकलेली साल आणि एका बोटावरचा जुना चटका. तंद्रीनं तो चटका याआधी कधी पाहिलाच नव्हता.

"हात कशाला घेतेस? तोंड काय वाईट आहे माझं?" आई म्हणाली.

"आई, हा कशाचा चटका?"

"तुझ्या दुधाचा," आई म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

पुढच्या खेपेला तंद्रीनं आई आणि शेजारच्या काकू गप्पा मारताना घेतल्या, एकदा इकडून, एकदा पलीकडून. पडद्यावर लावलं तर दोघी एकाच दिशेला बघत बोलतायत. वर्ग हसला. सर म्हणाले, "या दोघी एकमेकींशी बोलतायत की बसची वाट बघतायत? दोन माणसांमध्ये एक न दिसणारी दोरी असते. कॅमेऱ्यानं ती ओलांडायची नाही." तंद्रीला ती दोरी फार आवडली. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती आई आणि मामा यांच्यामधून चालत जाताना किंचित वाकायची.

पण तिचा जीव खरा रमला तो आवाजात. आवाज शिकवणाऱ्या मॅडमचा एक नियम होता. कुठेही चित्रण झालं की निघायच्या आधी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प उभं राहायचं आणि त्या जागेची शांतता रेकॉर्ड करून घ्यायची. "प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते," त्या सांगायच्या. "पुढे आवाजाचे तुकडे जोडताना मधे भोकं पडतात. ती बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते, दुसरीची चालत नाही." बाकीची मुलं त्या अर्ध्या मिनिटात खिदळायची, पाय हलवायची. तंद्री हेडफोन लावून अशी उभी राहायची की मॅडमना तिला हलवून जागं करावं लागायचं. नुसतं गप्प उभं राहण्याचे पैकीच्या पैकी गुण मिळालेली ती पहिलीच विद्यार्थिनी असावी.

मॅडमचा दुसरा नियम असा, की रेकॉर्डरचा लाल दिवा बघायचा नाही, आकडे बघायचे. दिवा फसवतो. आकडे धावत असले तरच आवाज आत उतरतोय. हाही नियम तंद्रीनं ऐकला होता. ऐकताना बहुधा खिडकीवर काहीतरी होतं.

*

वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एका माणसावर छोटा माहितीपट करायचा होता. त्याच सुमारास बातमी आली की स्थानकावर यंत्र बसतंय. आता घोषणा संगणक करणार, आधीच भरून ठेवलेल्या एका बाईच्या आवाजात. मामाला खालच्या चौकशी खिडकीऐवजी सामानाच्या कोठीत बसायची सोय करून दिली होती. चौकशी खिडकीत का नाही, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

तंद्री मामाच्या खोलीत गेली. मामा खाटेवर बसून बूट पुसत होता.

"मामा, तुझ्या शेवटच्या दिवसाचा सिनेमा करू?"

मामानं दुसरा बूटही पुसून संपवला. मग म्हणाला, "कर. प-पण फक्त म-माईकवरचं. बाकीचं न-नाही घ्यायचं."

"नाही घेणार."

"शपथ?"

"शपथ, मामा."

त्याची अट समजण्यासारखी होती. गावानं त्याला इतकी वर्षं फक्त गुळगुळीत ऐकलं होतं. ते तसंच राहावं, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटच्या दिवशी ती केबिनमध्ये गेली, सोबत तिच्या वर्गातला लांब्या. लांब्या खरंच इतका उंच होता की केबिनमध्ये तो मान तिरकी करून उभा राहिला आणि दिवसभर तसाच राहिला. कॅमेरा त्याच्याकडे, आवाज तंद्रीकडे. कॉलेजच्या त्या जुन्या कॅमेऱ्याचा स्वतःचा कान कधीच निकामी झाला होता, तेव्हा आवाजाचा सगळा भार तंद्रीच्या गळ्यातल्या रेकॉर्डरवर.

"तुझा लाल दिवा काचेत दिसतोय," लांब्या म्हणाला. "मामांच्या कानाखाली फोड आल्यासारखा वाटतोय."

तंद्रीनं दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. लावताना अंगठा कुठे पडला हे तिला कळलं नाही. अंगठा बटणावर पडला होता, आणि रेकॉर्डर तेव्हाच सुरू झाला होता.

त्या बटणाचं असं होतं की एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. तेव्हा मामानं पहिल्या घोषणेसाठी घसा साफ केला आणि तंद्रीनं बटण दाबलं, ते बंद झालं. घोषणा संपली, तिनं पुन्हा दाबलं, ते चालू झालं. हेडफोनमध्ये आवाज दोन्ही वेळा सारखाच येत होता. आकड्यांकडे तिनं बघितलं नाही. बघणार कशी? काचेपलीकडे फलाटांवर ऊन सरकत होतं. गाड्या वळताना त्यांच्या पाठीवरून झाडांची सावली निसटून जमिनीवर पडत होती. वरून बघताना माणसं म्हणजे नुसती डोकी आणि पिशव्या, आणि मामाचा आवाज गेला की ती डोकी वाऱ्यानं गवत वळावं तशी एका बाजूला वळायची.

दोन घोषणांच्या मध्ये मामा बोलत होता. इतका बोलत होता की लांब्या चाट पडला. शेवटचा दिवस, समोर वाट बघायची सवय असलेली भाची, आणि माईक बंद आहे याची खात्री. तो अडखळत, थांबत, पुन्हा सुरू करत बोलत राहिला. शेवटची घोषणा झाली. तंद्रीनं नियमाप्रमाणे केबिनची शांतता घेतली, निदान घेतली असं तिला वाटलं, आणि शेवटचं बटण दाबून रेकॉर्डर पिशवीत टाकला. मामानं माईकवर फडकं घातलं. तिघं जिना उतरले, लांब्या त्याच्या वाटेनं गेला, आणि मामा-भाची पायी घरी आली.

*

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत, पडदे ओढलेल्या अंधारात, लांब्यानं चित्र लावलं. सुंदर होतं. मामाचे ओठ, माईकची जाळी, काचेत तरंगणाऱ्या गाड्या. मग तंद्रीनं आवाज लावला.

"... आहे," असं ऐकू आलं. समोरच्या पत्र्याच्या शेडवरून परत आलेलं, विरत जाणारं एकच "आहे". आणि त्यानंतर मामा, "ह-हुश्श. ए त-तंद्री, त्याला म्हण म-मान सरळ कर, मलाच दुखायला लागलंय."

पुढचा तुकडा. "... आहे." आणि पुन्हा मधलंच बोलणं. त्याच्या पुढचा. तोही तसाच. घोषणा एकही नाही. अख्ख्या दिवसाच्या घोषणांमधून शिल्लक राहिलेलं ते तेवढं एक शेपूट.

लांब्या म्हणाला, "दिवसभर मासेमारी केली आणि घरी पाणी घेऊन आलो."

तिच्याकडे मामाचं बोलणारं चित्र होतं, पण त्याला आवाज नव्हता. आवाज होता तो नेमका तोच, जो न घेण्याची तिनं शपथ घेतली होती. आणि स्थानकावर सकाळपासून ती यंत्रातली बाई बोलायला लागली होती.

"मामांना पुन्हा बोलायला लावू," लांब्या म्हणाला. "आपल्या स्टुडिओत. काय फरक पडतो?"

तिनं मामाला अर्धंच सांगितलं, आवाज नीट आला नाही, पुन्हा घ्यावा लागेल. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. आईही आली, पाण्याची बाटली, खडीसाखर आणि रुमाल घेऊन, जणू भावाचं ऑपरेशनच होतं. कॉलेजचा स्टुडिओ म्हणजे चारी भिंतींना जाड गादी लावलेली खोली. तिथे टाळी वाजवली तरी ती हातातच मरायची. मामा माईकसमोर बसला. काचेपलीकडून तंद्रीनं या वेळी दिवाही पाहिला, आकडेही पाहिले. आकडे धावत होते.

"प्र-" मामा म्हणाला. "प्र-प्र-"

तो पाणी प्यायला. कानामागे हात धरून जरा वेळ तो काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत राहिला. भिंतींकडून काहीच आलं नाही.

"प्र-प्र-प्रवा-"

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," काचेपलीकडून आई म्हणाली. तिला राहवलंच नाही. "धरणाकडे जाणारी गाडी. म्हण, बाबू, येतंय तुला."

मामा उठला. शर्टाची बाही सारखी केली, दरवाजा हळू लावला आणि निघून गेला. आई खडीसाखरेची पुडी हातात धरून तशीच उभी. "माझं काय चुकलं?" तिनं विचारलं. लांब्यानं छताकडे बघितलं.

*

त्यानंतर तंद्री कित्येक दुपारी एडिटिंगच्या खोलीत एकटी बसली आणि ते मधलं बोलणं ऐकत राहिली. ऐकू नये असं वाटायचं, आणि ऐकल्याशिवाय राहवायचं नाही. केबिनमध्ये ते बोलणं तिच्या कानांवरून गेलं होतं. आत्ता प्रथमच ते आत उतरत होतं.

मामा सांगत होता, की तो स्थानकावर लागला तो झाडूवाला म्हणून. "एकदा घ-घोषणावाले आजारी पडले. साहेबांनी म-मला ढकललं. म्हटलं, आता म-मेलो. बटण दाबलं. प-पहिला शब्द गेला, आणि त-तिकडच्या शेडवर आपटून परत आला. म्हटलं, अरे, को-कोणीतरी आपल्यासोबत बोलतंय की. मग नाही अडकलो. दोघं असलो की न-नाही अडकत."

आणि शेवटचा, सगळ्यात लांब तुकडा. पिशवीतला. त्यात कापडाची खसखस, दोन माणसांची पावलं, कुठेतरी शिटी, आणि मामा एकदाच बोललेला, "त-तंद्री, उद्यापासून मी क-क-कशात बोलू?" पुढे नुसती पावलं. तंद्रीनं काहीच उत्तर दिलं नव्हतं. ती त्या वेळी कुठे होती हे तिला आठवेना. मग बॅटरी संपली होती.

तिनं डोळे पुसले आणि कात्री हातात घेतली. म्हणजे संगणकावरची. सर शिकवायचे की चांगलं एडिटिंग म्हणजे नको ते काढणं. तिनं पहिला "म" उडवला, मग दुसरा, आणि "मेलो" तेवढं ठेवलं. थांबे कापले, श्वास जोडले, मधल्या भोकांत, त्याच तुकड्यांमधून हाती लागलेल्या केबिनच्या शांततेची ठिगळं लावली. काही दिवसांत मामा सलग बोलायला लागला. कुठेही न अडकता, सभेतल्या वक्त्यासारखा. लेकराचं तोंड पुसून त्याला पाहुण्यांसमोर आणावं तसं तिला वाटलं. आता शपथ मोडली तरी मामाची लाज राहील.

रविवारी दुपारी आई शेजारी गेली होती. तंद्री लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेली आणि मामाला सगळं खरं सांगितलं. चिकटपट्टी, अंगठा, आकडे, आणि मधलं बोलणं. मामाचा चेहरा हळूहळू बंद होत गेला, दुकानाची एकेक फळी लावावी तसा.

"श-शपथ घेतली होतीस."

"मी मुद्दाम नाही केलं, मामा. आणि मी ते नीट केलंय. एकदा ऐक. नको म्हणालास तर पुसून टाकेन, सिनेमाही नको मला."

मामानं हेडफोन लावला. डोळे मिटले. तंद्री त्याच्या गुडघ्याकडे बघत बसली. संपल्यावर त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"छान ब-बोलतो हा," तो म्हणाला. "क-कोण आहे?"

तंद्रीनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"ताई माझं वाक्य पु-पुढून तोडते. तू म-मधून तोडलंस." तो रागानं बोलत नव्हता, हे जास्त लागलं. "आणि माझ्या ग-गाड्या का तोडल्यास?"

"गाड्या?"

त्यानं हेडफोन तिच्या कानांना लावला. तिनं इतक्या दिवसांत एकदाही ऐकलं नव्हतं ते आता ऐकलं. मामाच्या शब्दांमागे स्थानक होतं. एक गाडी भोंगा वाजवत वळत होती आणि भोंगा अर्ध्यातच गडप होत होता. एक मूल रडता रडता एकदम हसत होतं. कोणाची तरी पावलं चार पायऱ्या चढून हवेत नाहीशी होत होती. मामाचा एकेक "म" कापताना तिनं त्याच्यामागचं सगळं जगही कापलं होतं, आणि ठिगळाची शांतता त्यावर सफेदीसारखी फासली होती.

"मी थ-थांबतो," मामा म्हणाला, "पण स्टँड नाही ना थ-थांबत. आधीचं लाव. न कापलेलं."

तिनं मूळचं लावलं. मामानं ते शेवटपर्यंत ऐकलं. अडखळायचा तिथे तो स्वतःच मान हलवत वाट बघायचा, चल रे, येईल, असं कुणाला तरी म्हणावं तसा. पावलांपर्यंत आला. "कशात बोलू" आलं. पावलं संपली.

खिडकीतून दुपारचा वारा आला आणि पडदा मामाच्या डोक्यावरून हात फिरवून परत गेला.

"हे द-दाखव," तो म्हणाला. "पण क-कात्री लावायची नाही. एकही नाही."

"लोक हसतील, मामा."

"ह-हसू देत. तू म-माझा शेडचा पत्रा. तू परत आ-आणलंस तेवढं पुरे."

*

तंद्रीचा सिनेमा कॉलेजच्या लहान सभागृहात दाखवला. आई आणि मामा पुढून तिसऱ्या रांगेत. आईला तंद्रीनं आधी काही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तिनं अन्नपाणी सोडलं असतं.

अंधार झाला. पडद्यावर मामाचे ओठ आले, भिंतीएवढे. ते घोषणा करत होते, पण घोषणेचा आवाज नव्हता. फलाटावरची डोकी एका बाजूला वळली. आणि मग कुठूनतरी लांबून, पत्र्यावरून परत आल्यासारखं, "... आहे." त्यावर मामाचा तो दुसरा आवाज सुरू झाला, घरचा.

आईनं अंधारात भावाचा दंड धरला. मागे कोणीतरी एकदा फुसकन हसलं आणि गप्प झालं. पडद्यावर ओठ एक बोलत होते, आवाज दुसरंच सांगत होता, जसं स्वप्नात माणूस बोलतो आणि आपल्याला भलतंच कळतं, तरी ते बरोबरच असतं. मामा अडकायचा तिथे तंद्रीनं चित्र तोडलं नव्हतं. गाडी वळून पूर्ण जायची, ऊन बाकावरून खाली उतरायचं, मग शब्द यायचा.

"धरणाची गाडी," आवाज सांगत होता, "ती मी रोज ज-ज-ज-"

आईचे ओठ हलले. "जपून," ती पुटपुटली.

"ज-जरा उशिरा सांगायचो. एक बाई धावत यायची. द-दवाखान्यात असावी कामाला. तिची चप्पल स्टँडसमोरच्या प-पुलावर वाजली की मगच म्हणायचो, ग-गाडी निघत आहे."

आई भावाकडे वळली. "मला वाटलं, जपून."

"म-माहीत आहे," मामा म्हणाला.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. त्यानंतर तो कितीदा तरी अडकला, आणि प्रत्येक वेळी तिच्या मनात एक शब्द आला, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो चुकला. शेवटची पावलं वाजली तेव्हा तिनं रुमाल तोंडाशी धरला होता. रडू थांबवायला की शब्द, सांगता येत नाही.

दिवे लागल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "त्या बाईंची गाडी कधीच चुकली नाही का?"

सरांनी मामापुढे माईक धरला. मामानं तो हातानं बाजूला सारला आणि उभा राहिला.

"ए-ए-" तो म्हणाला. सभागृह थांबलं. आईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "एकदाच. म-मी तिला चुकून दुसऱ्या फ-फलाटावर पाठवली. घोषणा अगदी स्व-स्वच्छ झाली होती."

हसण्याचा मोठा लोट आला, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं हसला तो लांब्या, आज मान सरळ करून.

घरी आल्यावर आईनं पानं वाढली. मामा रजा संपवून सोमवारपासून सामानाच्या कोठीत बसणार होता, आणि त्यानं साहेबांकडे आधी चौकशीची खिडकी मागून बघायचं ठरवलं होतं. मिळाली तर मिळाली.

"ताई, मला भ-भ-"

आईचा हात भाताच्या पातेल्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. डाव हवेत. डावाला चिकटलेली दोन शितं, त्यांतून वर जाणारी बारीक वाफ, वर दिव्याचा गोल, आणि आईच्या बोटावरचा तो दुधाचा जुना चटका. तंद्री बघत राहिली. हा शॉट कुठे तोडायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तोडावासाही वाटत नव्हता. वाफ विरली. एक शीत डावावरून सुटून परत पातेल्यात पडलं. आई काही बोलली नाही.

"भ-भूक नाही," मामा म्हणाला.

"भूक नाही म्हणजे?" आईनं डाव खाली आपटला. "काय होतंय? अंग गरम आहे का? सांगायचं नाही का माणसानं आधी!"